एकच रंधा, नऊ घरं

शिरोताकी
२ सप्टेंबर १९६३

चि. तेत्सुरोस,
फुमिएताईचे अ. उ. आ.

सुक्या माशांचा पुडा पोचला आणि त्यात लपवून परत पाठवलेला मुलीचा फोटोही पोचला. मासे छान आहेत. फोटोबरोबर ‘सध्या कामाची फार गडबड आहे’ एवढीच ओळ आहे, म्हणजे नकार समजायचा. मुलगी चष्मा लावते हे खरं, पण चष्मा तूही लावतोस. दोघांपैकी एकाला तरी समोरचं नीट दिसलं असतं. एकतीस पूर्ण झाली तुला. डोक्यावर जे चार केस आहेत ते असेपर्यंत काय ते ठरव, पुढे मला फोटो पाठवायची लाज वाटेल.

इकडे वीस दिवस पाऊस आहे. हे ओसाकाला बांधकामावर आहेत, आता नव्या वर्षालाच घरी येतील. घरात सासूबाई आणि मी. त्यांना ऐकू कमी येतं आणि बोलायची आवड पहिल्यापासूनच नाही, त्यामुळे दिवसभर मी चुलीशी बोलते. चूल निदान अधूनमधून फुरफुरते.

एक गंमत सांगते. मागच्या खोलीचं सरकतं दार अडकायला लागलं, म्हणून मी सुकेझो सुतारांकडे रंधा मागायला गेले. आमच्या वाडीत घरं नऊ आणि रंधा एकच. ते म्हणाले, हारुए घेऊन गेली. हारुए माझी शेजारीण, तिच्याकडे गेले तर म्हणाली, कालच ओगुरांकडे दिला. ओगुरा-सान म्हणजे आमचे मुखिया, तुला माझ्या लग्नात ज्यांनी शेजारी बसवून पोटभर भात वाढला होता ते. त्यांच्याकडूनही तो पुढे गेला होता. चार दिवसांनी त्यांची सून स्वतः रंधा घेऊन आली आणि म्हणाली, दमट हवेने लाकूड फुगतं ना. मीही म्हणाले, फुगतं ना. दार घासलं, छान सरकायला लागलं. तीन दिवसांनी पुन्हा अडकलं, आता वरच्या कोपऱ्यात.

विहिरीचं पाणीही जरा गढूळ येतंय. आमची विहीर डोंगरातल्या झऱ्याची, सतरा वर्षांत ती गढूळ झालेली मी पाहिली नव्हती. सासूबाईंनी पाणी फडक्यातून दोनदा गाळलं आणि काही न बोलता चहा ठेवला. काळजीचं काही नाही.

तुझ्या वरच्या मजल्यावर दगडमातीचं शास्त्र शिकवणारे निवृत्त मास्तर राहतात असं तू मागे लिहिलं होतंस. गप्पांच्या ओघात विचारून बघ, असं होतं का म्हणून. अगदी सहज. काळजीचं काही नाही.

लोभ आहे तो कोरड्या जागी ठेव, इकडे सगळंच भिजतंय.

तुझी,
फुमिएताई


कोबे
७ सप्टेंबर

ति. फुमिएताईस,
सा. न. वि. वि.

‘काळजीचं काही नाही’ असं तू एकाच पत्रात दोनदा लिहिलंस. ते वाचून मी चपला न घालता तसाच वर गेलो.

कानामोरी मास्तरांनी तुझं पत्र वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग विचारलं, घराच्या मागे डोंगर आहे का. आहे म्हणालो. बांबू कलले आहेत का, दगडी बांधांना चिरा गेल्यात का, मातीचा वास येतो का, असं विचारत गेले. मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. ते म्हणाले, दमट हवेने दारं फुगतात ती एखाद्या घरात, आणि पाऊस उघडला की बरी होतात. नऊ घरांतली दारं एकाच महिन्यात अडकली आणि घासून पुन्हा वरून अडकली, तर लाकडाचा दोष नाही. घरांच्या चौकटी तिरक्या होताहेत. खालची जमीन चालायला लागली आहे.

ताई, हे मास्तर असे आहेत की चहा नको असला तरी ‘नको’ म्हणत नाहीत, कप पुढे घेऊन गार करत बसतात. त्यांनी माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, बहिणीला तिथून बाहेर काढ. ते काय म्हणाले यापेक्षा ते सरळ म्हणाले याचीच मला भीती वाटली. तेव्हापासून जेवण धड जात नाही.

आमच्या कचेरीत एक डच इंजिनियर आहे. तो मला नेहमी डिवचतो की तुम्हा लोकांना काही विचारलं की आधी समोरच्याचं तोंड बघता आणि मग उत्तर ठरवता. मला राग यायचा. पण तुझ्या पत्रात ओगुरांची सून म्हणते फुगतं ना, आणि तू म्हणतेस फुगतं ना. दोघींच्याही मनात दुसरंच आहे, आणि दोघींनाही ते माहीत आहे.

आणि आपली आई आठवते. युद्धाच्या शेवटच्या वसंतात गल्ली पेटली तेव्हा ती हातात पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. शेजारीण निघाली की निघायचं, असं तिने तुला सांगितलं होतं. शेजारीण तिच्या दारात आईकडे बघत उभी होती. तू माझा हात धरून पळालीस म्हणून मी आज हे लिहितोय. तू तेव्हा कुणाचंही तोंड बघितलं नाहीस.

सासूबाईंना घेऊन इकडे निघून ये. दोन खोल्या आहेत, मी स्वयंपाकघरात झोपेन. वाडीत फोन फक्त ओगुरांच्या घरी आहे ना? मी तिथे फोन करून त्यांच्याशीच बोलतो.

राग आला तर ये आणि समोर रागव, पण ये.

तुझा,
तेत्सुरो


शिरोताकी
१३ सप्टेंबर

चि. तेत्सुरोस,
अ. उ. आ.

आईचं तू लिहायला नको होतंस. पत्र वाचलं आणि भात करपला, सासूबाईंनी करपलेला भात तसाच खाल्ला.

फोन करू नकोस. तुला आमच्याकडचं माहीत नाही म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी आमचा नदीवरचा पूल वाहून गेला. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं पलीकडे. तेव्हा ओगुरा-साननी वरच्या उतारावरची आपली देवदारं तोडून विकली आणि पूल बांधून दिला. आजोबांच्या हातची झाडं होती ती. कुणाकडून काही घेतलं नाही, पुलावर नाव घालू दिलं नाही. त्या पुलावरून आम्ही रोज जातो. आता झाडांची मुळं कुजून उतार मोकळा झालाय, हे नऊही घरांना कळतं. पण डोंगर सुटतोय असं कुणी म्हणायचं म्हणजे ओगुरांना तोंडावर सांगायचं की तुमच्या चांगुलपणाने आम्ही मरणार. म्हणून कुणी बोलत नाही. त्यांना डावलून तालुक्याच्या कचेरीत जाणं तर विचारायलाच नको. आणि तू कोबेहून फोन करून सांगणार. मग मी बाहेर चुगली केली असं होईल, आणि वर ते मला हसून चहा पाजतील.

तरी मी प्रयत्न केला. परवा दर महिन्याची बैठक होती, ओगुरांच्याच घरी. जाताना मी प्रत्येक घराच्या न्हाणीजवळून गेले. बंब पेटवायला ठेवलेल्या रंध्याच्या पांढऱ्या ताज्या सालांचा ढीग प्रत्येक न्हाणीपाशी होता. सुकेझोंच्या घरी तर पोतं भरलं होतं, त्यांचं घर सगळ्यांत वर आहे. हारुएच्या घरामागच्या बांधाला चीर होती आणि ती कुणीतरी ओल्या चिखलाने लिंपली होती. चिखलात हारुएची बोटं उमटलेली दिसत होती.

बैठकीत मी म्हणाले, यंदा पाणी जरा गढूळच आहे ना. ओगुरा-सान म्हणाले, पाऊस खूप आहे ना. सगळे म्हणाले, आहे ना. सुकेझो म्हणाले, पण मुळे गोड निघाले. मग अर्धा तास मुळ्यांवर चर्चा झाली. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. सगळे घाबरलेले होते आणि सगळे मुळ्यांवर हसत होते. मीही हसले. तू म्हणतोस तो डच माणूस तिथे असता तर त्याला वाटलं असतं की काय सुखी लोक आहेत.

बांबू कललेत. वास येतोय. मास्तरांना सांग.

सासूबाईंना कोबेला चला म्हणून कानात ओरडून सांगितलं. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. ओगुरांच्या घरातून धूर निघत होता. म्हणजे तो निघतोय तोवर आपण हलायचं नाही. त्यांना सोडून मी कशी येऊ?

तू विचारशील की घाबरलीस का. खूप. रोज कपडे घालूनच झोपते.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, फोन मात्र करू नकोस.

फुमिएताई


कोबे
१७ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

मी फोन केला.

तुझं पत्र येण्याआधीच केला होता, ही माझी एवढीच सफाई. कचेरीतून केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, चार वाक्यं. डच इंजिनियर शेजारी उभा होता, तो म्हणाला, शाब्बास, आता बोल.

ओगुरा-सान फोनवर आले. ‘अरे, तेत्सुरो का? भात खाताना नाक वाहायचं तोच ना?’ म्हणाले. आवाज म्हातारा झालाय त्यांचा. मी म्हणालो, यंदा पाऊस फार आहे ना. ते म्हणाले, आहे ना, कोबेला कसा आहे. मी म्हणालो, इकडेही आहे. मग खजुरासारखी सुकवतात त्या तुमच्याकडच्या पर्सिमन फळांविषयी ते बोलले, यंदा झाडावरच गळताहेत म्हणाले. मी म्हणालो, वाईट झालं. ते थोडा वेळ गप्प राहिले. ताई, ते वाट बघत होते असं मला वाटलं. कुणीतरी म्हणावं याची. कागद माझ्या हातात होता आणि मी म्हणालो, हवा बदलतेय, प्रकृतीला जपा. ते म्हणाले, तुमच्या ताई बऱ्या आहेत, इकडे सगळं ठीक आहे. तीन मिनिटं झाली आणि फोन कटला.

डच माणसाने विचारलं, सांगितलंस का. मी हो म्हणालो. तुला आईवरून शिकवणारा मी असा आहे. संडासात जाऊन रडलो.

बंदरावर म्हणताहेत की दक्षिणेला वादळ आहे, बहुतेक शिकोकूच्या, म्हणजे तुमच्याच बाजूला वळेल. ताई, मला आता काही शिकवायला तोंड नाही. काहीही कर, पण कर.

या नालायकावरचा लोभ आटला असेल तर तसं स्पष्ट कळव. निदान एक गोष्ट तरी आपल्या घरात स्पष्ट होईल.

तेत्सुरो


शिरोताकी
२४ सप्टेंबर

चि. तेत्सुरोस,
अ. उ. आ.

जिवंत आहे, आधी हे वाच. आणि तुझ्यावर रागावलेले नाही. फोनवर मी असते तर मीही पर्सिमनवरच बोलले असते.

वीस तारखेला दुपारी वारा सुटला. तुझं पत्र सकाळीच आलं होतं. मी सासूबाईंचे गुडघे शेकत बसले होते आणि विचार करत होते की धोका आहे म्हणून इथे कुणी उठणार नाही. आपला जीव वाचवायला पहिलं उठायचं म्हणजे इतरांना मागे टाकायचं. पण कुणी अडचणीत असलं तर इथले लोक पायात चपलाही न घालता धावतात. मग मीच अडचणीत असले तर? लहानपणापासून आपल्याला एकच शिकवलंय, कुणाला आपला त्रास होऊ देऊ नये. मला ते करायचं होतं जे मी जन्मात केलं नाही.

मी आधी हारुएकडे गेले. म्हणाले, मला भीती वाटते. मला डोंगराची भीती वाटते, सासूबाईंना घेऊन एकटीने पूल ओलांडायचं धाडस होत नाही, माझ्याबरोबर शाळेपर्यंत चल. एवढं बोलताना कान तापले माझे. तिने डोंगराचं नावही काढलं नाही. म्हणाली, अगं, एवढंच ना, थांब, पोरांना घेते. पुढच्या घरी मी तेच बोलले. तिथे म्हणाले, फुमिए-सान एवढ्या घाबरल्यात तर सोबत द्यायलाच हवी. उरलेल्या आठही घरी हेच झालं. ओगुरा-साननी खाली वाकून सासूबाईंना पाठीवर घेतलं. सुकेझोंची बायको मित्सु-सान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. तिला दाराची फळी काढून चौघांनी उचलून नेलं. मला सोबत द्यायला अख्खी वाडी पुलावरून शाळेत आली, आम्हा दोघींसकट चौतीस माणसं. शाळा पलीकडे खडकावर आहे.

दोन दिवस आम्ही तिथे राहिलो. वादळ आलं आणि गेलं. डोंगर जागच्या जागी होता.

तेत्सुरो, मला त्या सकाळी खिडकीतून डोंगर दिसला आणि वाईट वाटलं. म्हणजे मी किती वाईट बाई आहे बघ. सगळे म्हणाले, बरं झालं, पोरांची सहल झाली. मित्सु-सानचं अंथरूण सगळ्यांदेखत ओलं झालं होतं, ती चादर तोंडावर ओढून दोन दिवस रडत होती. सुकेझो माझ्याजवळ येऊन म्हणाले, तुमच्यामुळे हिला बाहेरची हवा मिळाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परत आल्यावर मी रताळ्याच्या वड्या आणि नवे टॉवेल घेऊन घरोघरी माफी मागून आले. सगळ्यांनी माझे आभार मानले. आता मी दिसले की लोक आधीच वाकून नमस्कार करतात आणि रस्ता देतात. हारुए मला ताई म्हणायची, परवापासून परक्या बाईसारखं फुमिए-सान म्हणते. कुणी एक टोमणा मारला असता तरी मी सुखाने जेवले असते.

पुढच्या वेळी हे मला जमणार नाही. माझ्याकडे होतं ते मी खर्चून बसले. दार पुन्हा अडकलंय आणि या वेळी मी रंधा मागायला गेले नाही, अर्धं उघडं तसंच राहू दिलंय.

तुझा लोभ तरी जुनाच राहू दे, नवा शिष्टाचार नको.

फुमिएताई


कोबे
३० सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

मास्तरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, डोंगर पडला नाही म्हणजे थांबला असं नाही, तो अजून चालतोय. पुढचा मोठा पाऊस महत्त्वाचा.

मी रजा मागितली आहे. आठ ऑक्टोबरला पोचतो. तू काही करू नकोस, या वेळी घाबरायचं काम माझं. शहरातला भित्रा भाऊ आला आणि त्याने रडून गोंधळ घातला, हे वाडीला सहज पटेल. मुखियांना तर माझं नाकही आठवतं. मी दारोदार जाऊन म्हणेन की मला सोडून जाऊ नका. मला ते म्हणायचा सराव आहे, सध्या रोज मनातल्या मनात तेच म्हणतो.

तोपर्यंत कपडे घालूनच झोप. फोटोतल्या मुलीला भेटेन, हेही कबूल.

लोभ सोबत घेऊन येतोय, वेगळा पाठवत नाही.

तेत्सुरो


शिरोताकी शाखा शाळा
९ ऑक्टोबर

चि. तेत्सुरोस,
अ. उ. आ.

रेल्वे बंद असल्याचं इथे कळलं. तू कुठल्यातरी स्टेशनात अडकला असशील. हे पत्र टपालवाल्याबरोबर डोंगराच्या पलीकडून पाठवतेय, तुझ्या आधी पोचतं की नंतर देव जाणे. मी आणि सासूबाई ठीक आहोत. आपलं घर नाही राहिलं.

सहा तारखेपासून धो धो कोसळत होता. सात तारखेला सकाळी झऱ्याचं पाणी एकदम बंद झालं. मी गाठोडी बांधली आणि चुलीपाशी बसून राहिले. उठून हारुएच्या दारात जायचं आणि तेच चार शब्द बोलायचे, एवढंच होतं. उठवेना. मला डोळ्यांपुढे ते नमस्कार दिसत होते आणि मित्सु-सानची चादर दिसत होती. मला वाटलं, तेत्सुरो उद्या येणार आहे, उद्यापर्यंत निघेल. आई बादली घेऊन का उभी राहिली ते मला तेव्हा कळलं आणि तिच्यावरचा अठरा वर्षांचा राग गेला.

दुपारी दोनच्या सुमाराला अर्ध्या उघड्या दारात कुणीतरी उभं राहिलं. ओगुरा-सान होते, डोक्यावर काही न घेता, पार भिजलेले. मी आत या म्हणाले. ते आत आले नाहीत. म्हणाले, फुमिए-सान, त्या दिवशी तुम्ही दारात काय म्हणालात ते मला पुन्हा सांगा. मला वाटलं, ते मला बोल लावताहेत. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, तसं नाही, मला शिकवा, एकाहत्तर वर्षांत मी ते कधी म्हटलेलं नाही.

मी म्हणाले, मला भीती वाटते. ते माझ्यामागून म्हणाले. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ‘पाऊस फार आहे’ असंच निघालं. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी नीट म्हणाले आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, मला माझ्याच डोंगराची भीती वाटते, तुम्ही माझ्याबरोबर चला. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांना किती ऐकू आलं कुणास ठाऊक, त्या काठी घेऊन स्वतःहून बाहेर आल्या.

आम्ही दोघं घरोघरी गेलो. ते प्रत्येक दारात वाकून तेच म्हणत होते आणि मी मागे उभी होते. मुखियाच असं म्हणतोय म्हटल्यावर लोकांनी चूलही विझवली नाही. हारुए तर पोरांना घेऊन धावतच सुटली, जाताना ओरडून मला ताई म्हणाली.

शेवटचं घर सुकेझोंचं. ओगुरा-सान म्हणाले, मला भीती वाटते, आमच्याबरोबर चला. सुकेझो दारात वाकून म्हणाले, फार उपकार झाले, तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच.

तेत्सुरो, ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच’ याचा अर्थ आमच्याकडे शाळेत न जाणाऱ्या पोरांनाही कळतो. मित्सु-सानला पुन्हा चौघांच्या खांद्यावर, सगळ्यांदेखत, ओल्या चादरीनिशी जायचं नव्हतं, आणि सुकेझोंना तिला ते करायला लावायचं नव्हतं. आतून तिचा आवाज आला नाही. ओगुरा-साननी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आम्ही थांबून पुन्हा विचारलं असतं तर चादरीचं नाव काढल्यासारखं झालं असतं. तिची लाज राखायची म्हणून आम्ही दोघांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, बरं तर, लवकर या. एका कप चहासाठी आम्ही तीनदा आग्रह करतो. इथे एकदाच विचारलं.

चारनंतर डोंगर आला. आधी बांबू मोडल्याचा आवाज झाला आणि मग वरची पाच घरं दिसेनाशी झाली. मोठा आवाज नंतर आला. शाळेच्या खिडकीत सगळे उभे होते, कुणी ओरडलं नाही. हारुए म्हणाली, मी ऑगस्टपासून घाबरलेय. मग एकेक जण सांगायला लागला, मी जुलैपासून, मी दार अडकलं तेव्हापासून. सासूबाई म्हणाल्या, मी झाडं तोडली त्या दिवसापासून. ओगुरा-सान खिडकीकडे पाठ करून बसले होते, ते म्हणाले, मीही. बत्तीस माणसं होतो. दोघं खाली आहेत, अजून काढलेले नाहीत.

सगळे म्हणतात, फुमिए-सान आणि मुखियांनी वाडी वाचवली. मी मान खाली घालून ‘छे छे’ म्हणते, जसं म्हणायचं असतं तसं. कुणाला सांगितलेलं नाही की मला कळलं होतं. तुला सांगतेय. रात्रंदिवस मला भीती वाटते, आणि आता डोंगराची नाही. त्या दारात मी जशी वाकले आणि वळले, ते इतकं सवयीने झालं की पाय आपोआप चालले. उद्या पुन्हा असंच वळेन, याची भीती.

तू येशील तेव्हा मी हसत पुढे येईन. म्हणेन, एवढ्या लांब कशाला आलास, आम्ही अगदी ठीक आहोत. कोबेला चल म्हणालास तर म्हणेन, नको, तुला त्रास होईल, तू हो पुढे, आम्ही येतोच. लोभ असेल तर तेवढ्यावर परत फिरू नकोस. पुन्हा विचार, आणि मी पुन्हा नको म्हणाले तरी आणखी एकदा विचार.

तुझी,
फुमिएताई